बॅटिंग करणारा एक, पण बॉल टाकणार कोण?

आजचा विषय सरळ आहे. घरातल्या पोरांसाठी घरच्या घरी बॅटिंगच्या सरावाची जागा कशी करायची? यूट्यूबवर हा विषय शोधला की परदेशातली अंगणं दिसतात. हिरवंगार लॉन, त्यावर टर्फ, बाजूला बॉलिंग मशीन. आपल्याकडे अंगण म्हणजे गॅलरीत ठेवलेली तुळशीची कुंडी. मी राहतो काळाचौकीला. इथे घर म्हणजे एक खोली, एक किचन आणि मजल्यावरची कॉमन गॅलरी. फार तर बिल्डिंगची गच्ची. तेव्हा आजचा एपिसोड गॅलरी, गच्ची आणि पॅसेजवाल्यांसाठी.

आधी गरज सांगतो, कारण नुसती हौस असती तर एवढा उद्योग केला नसता. माझी पुतणी बारा वर्षांची आहे. तिला क्रिकेट खेळायचंय, आणि अगदी मनापासून खेळायचंय. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला, ती रात्र आमच्या अख्ख्या मजल्याने जागवली. त्याच्या तीन दिवस आधी, सेमीफायनलला, मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ मारले होते. त्यानंतर आमच्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला "अभ्यास झाला का?" एवढंच विचारणं कठीण होऊन बसलं.

ती आठवड्यातून दोन दिवस कोचिंगला जाते. तिथे मुलं खूप, नेट दोन. तिच्या वाट्याला एका दिवशी पंधरा-वीस बॉल येतात. यात कोणाचा दोष नाही, साधा भागाकार आहे. आणि घराजवळ? अभ्युदयनगरच्या शहीद भगतसिंग मैदानावर संध्याकाळी बघा. एकाच वेळी पाच-सहा मॅच चाललेल्या. एकाचा पॉइंट म्हणजे दुसऱ्याचा लाँग ऑन. त्यात एका मुलीला कोण म्हणणार, "ये, तू अर्धा तास बॅटिंग कर"? तिला बहुतेक वेळा फिल्डिंगच मिळते. पाऊस सुरू झाला की तेही बंद. मैदानात नुसता चिखल.

तिला लवकरच पंधरा वर्षांखालील मुलींच्या निवड चाचणीला जायचंय. म्हणजे वेळ कमी, आणि आठवड्याला तीस-चाळीस बॉल. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे असा प्रश्न आला की आधी विचारतात, अडकतंय नेमकं कुठे? मला वाटलं होतं जागेपाशी अडकतंय. पण दोन मोठ्या माणसांच्या लहानपणाबद्दल वाचलं आणि उत्तर वेगळंच निघालं.

गॅलरीतली आई, दिवाणखान्यातली काकू

पहिले सुनील गावसकर. जन्म १९४९ चा, बालपण चिखलवाडीतलं, ताडदेव-ग्रँट रोडच्या बाजूला. त्यांनी 'सनी डेज' या आत्मचरित्रात लहानपणची गोष्ट सांगितलीय. घराच्या छोट्या गॅलरीत आई, मीनल गावसकर, त्यांना टेनिस बॉल टाकायच्या. एकदा सुनीलने बॉल सरळ मारला तो आईच्या नाकावर. रक्त आलं. पोरगं घाबरलं. आईने तोंड धुतलं आणि पुन्हा बॉल टाकायला उभी राहिली. या मुलाने पुढे १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, आणि १९८७ मध्ये कसोटीत दहा हजार धावांचा टप्पा गाठणारा तो जगातला पहिला फलंदाज ठरला.

दुसरा सचिन. शाळा बदलून दादरच्या शारदाश्रममध्ये आला, तेव्हा शिवाजी पार्कला काका-काकूंकडे राहायला होता. दिवसभर मैदानावर आचरेकर सरांकडे खेळून आला तरी घरी पुन्हा सुरू. 'प्लेइंग इट माय वे' या आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की गोल्फचे बॉल दोन्ही बाजूंनी तासून तो लांबट करायचा आणि काकूंना टाकायला लावायचा. तसा बॉल पडला की कधी आत येतो, कधी बाहेर जातो. आणि घरातलं काही फुटू नये म्हणून हात सैल ठेवून खेळायचं. सॉफ्ट हँड्स म्हणतात ते काकूंच्या घरात शिकणं चाललं होतं.

आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही ठिकाणी जागा अगदीच छोटी. खर्च जवळजवळ शून्य. टर्फ नाही, मशीन नाही, नेटही नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट नक्की आहे: बॉल टाकणारं माणूस. घरातलंच, आणि दोन्ही वेळा बाई. तिचं नाव स्कोअरबोर्डवर कधी लागत नाही.

डॉन ब्रॅडमनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऑस्ट्रेलियात बाउरल गावी घराच्या मागे पाण्याच्या टाकीचं विटांचं गोल बांधकाम होतं. त्यावर तो गोल्फ बॉल मारायचा आणि परत येणारा बॉल स्टंपने खेळायचा. तिथे टाकणारी ती टाकी. पण काळाचौकीत तुम्ही भिंतीवर बॉल मारून दाखवा. दुसऱ्या मिनिटाला भिंतीपलीकडचे काका बाहेर.

म्हणून आमच्या प्रोजेक्टचा पहिला नियम ठरला. घरी सरावाची जागा करताना आधी बॉल टाकणाऱ्याची सोय बघायची. बॅट्समन काय, कुठेही उभा राहतो.

आमच्या घरात टाकणार कोण?

मी आणि दादा दोघंही घरी येतो साडेआठ-नऊला. घरून काम असेल तेव्हासुद्धा संध्याकाळी कॉल असतात. वहिनी सातला येते आणि थेट ओट्याशी उभी राहते. उरली कोण? माझी आई, म्हणजे पुतणीची आजी. वय बासष्ट. गुडघे कुरकुरतात, पण हात चांगला चालतो. लहानपणी चाळीत भावांबरोबर अंडरआर्म खेळलेली आहे. ती म्हणाली, "मी टाकते की. पण बसून टाकीन, आणि बॉल उचलायला मी वाकणार नाही."

सॉफ्टवेअरमध्ये याला रिक्वायरमेंट म्हणतात. एवढ्या स्पष्ट रिक्वायरमेंट मला ऑफिसमध्ये आजवर मिळालेल्या नाहीत. बसून टाकता आलं पाहिजे. वाकायला लागता कामा नये. आणि माझ्या डोक्यात तिसरी होती: मीनलताईंच्या नाकाला लागलं तसं आईला लागता कामा नये.

जागा

गॅलरी आम्ही लगेच बाद केली. गॅलरी सगळ्यांची. तिथून माणसं ये-जा करतात, गॅसचा सिलेंडर जातो, कुणाच्या दारात म्हातारं माणूस खुर्ची टाकून बसलेलं असतं. राहिली गच्ची. आमच्या गच्चीवर पावसासाठी पत्र्याची शेड आहे, लोखंडी पाइपच्या खांबांवर. म्हणजे छप्पर आयतं, खांब आयते.

पण गच्ची आमची नाही, सोसायटीची. तेव्हा सामान आणण्याआधी कमिटीला अर्ज दिला. लोकांचे प्रश्न अगदी रास्त होते. स्लॅबला भोक पाडणार का? पावसात गळलं तर? पापड-कुरडया कुठे वाळवायच्या? टाकी साफ करणारा कुठून जाणार? वरच्या मजल्यावर धपधप आवाज येईल त्याचं काय? आणि बॉल खाली पडला तर?

शेवटच्या प्रश्नावर मी हिशोब करून दाखवला. चार मजल्यांची बिल्डिंग, गच्ची साधारण १३ मीटरवर. तिथून सुटलेली वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास असतो. पुरुषांचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, मुलींचा १४० ते १५१ ग्रॅमचा. तो त्या वेगाने कुणाच्या डोक्यावर पडला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून गच्चीवर सीझन बॉल कायमचा बंद. फक्त टेनिस बॉल, ज्याचं वजन साठ ग्रॅमच्या आतच असतं. तोसुद्धा चारही बाजूंनी आणि वरून बंद असलेल्या जाळीच्या आत. हे लिहून दिलं. परवानगी मिळाली.

मापं

आता ज्यांना करायचंय त्यांनी वही काढा.

आमची जाळी २८ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. बॅट्समन आणि टाकणारा यांच्यात २० फूट, म्हणजे साधारण ६ मीटर. दोघांच्या मागे चार-चार फूट. रुंदी दहा फुटांपेक्षा कमी करू नका. हात लांब करून बॅट फिरवली की पाच फूट सहज जातात, आणि बॅट जाळीत अडकली की मूल घाबरून आखडतं खेळायला लागतं.

६ मीटर ऐकून लोक हसतात. "पिच बावीस यार्डांचं असतं रे!" बरोबर. बावीस यार्ड म्हणजे २०.१२ मीटर. त्यातून दोन्हीकडची क्रीज वजा करा. बोलरच्या क्रीजपासून बॅट्समनच्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर उरतात. ताशी ७० किलोमीटरचा बॉल हे अंतर साधारण ०.९१ सेकंदात कापतो. आता ६ मीटरवरून तेवढाच वेळ द्यायचा असेल तर बॉल टाकायचा ताशी २४ किलोमीटरने. म्हणजे अंतर एक तृतीयांश, वेगही एक तृतीयांश. ताशी ९० चा अनुभव हवा तर ३० ने टाका. एवढा वेग खुर्चीत बसलेली आजीसुद्धा आरामात काढते. हवेने आणि टप्प्याने वेग कमी होतो ते यात धरलेलं नाही, पण अंदाजाला हा हिशोब पुरतो.

मात्र एक गोष्ट या जागेत शिकता येत नाही, आणि ती आधीच सांगितलेली बरी. बॉल खाली किती येतो हे तो हवेत किती वेळ आहे त्यावर ठरतं. वेळ तेवढाच, पण अंतर कमी, म्हणजे बॉल जास्त तिरका खाली येतो. त्यामुळे लेंग्थ ओळखणं, म्हणजे पुढे जायचं की मागे हे टप्प्यावरून ठरवणं, छोट्या जागेत नीट शिकता येत नाही. त्यासाठी मैदानच हवं. बोलरचा रनअप, सीझन बॉलची भीती, पिचचा स्वभाव, हेही तिथलंच. घरी होतं ते वेगळं. डोकं स्थिर ठेवणं, बॉल बॅटवर येईपर्यंत बघणं, बॅट सरळ आणणं, हात सैल ठेवणं. ही कामं हजार वेळा करून अंगात भिनवायची असतात, आणि कोचिंगच्या पंधरा बॉलमध्ये ती भिनत नाहीत.

सामान

जाळं नायलॉनचं, मासेमारीचं. भाऊचा धक्का आमच्यापासून लांब नाही. ओळखीतून जुनं पण धड जाळं मिळालं. घेताना भोक बघा. टेनिस बॉलचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या वर असतो, तेव्हा पाच सेंटिमीटरपर्यंतचं भोक चालतं. जाळं ताणून बांधू नका. ताणलं की बॉल उसळून परत अंगावर येतो. फूटभर ढिलं सोडा, म्हणजे बॉल त्यात मरतो आणि खाली पडतो.

एकही भोक न पाडता सगळं शेडच्या खांबांना दोरीने बांधलं. जिथे खांब नव्हते तिथे रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या घेतल्या, मधे पाइप उभा केला आणि वाळू भरली. एक बादली तीसेक किलोची होते, हलत नाही. सिमेंट ओतलं नाही, कारण वाळू काढून बादली दुसरीकडे नेता येते. पाइप दारूखान्यातल्या भंगारवाल्याकडून, रे रोडला. जाळ्याची खालची कड जमिनीवर फूटभर आत वळवली आणि त्यावर जुन्या जीन्सच्या पायांत वाळू भरून ठेवली.

आवाजाचं सांगतो. आम्ही खाली फोमच्या जोडायच्या मॅट घातल्या आणि वर काथ्याची चटई. टप्प्याचा आवाज जवळजवळ गेला. तरी वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "ठक ठक येतंच आहे." मी त्यांच्या घरात जाऊन बसलो आणि ऐकलं. आवाज बॉलचा नव्हताच. बॉल यायच्या आधी बॅट्समन जमिनीवर बॅट आपटतो ना, तो होता. बॅटच्या टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. आजोबा खूश. आता तेच कधीकधी वर येऊन "कोपर वर!" म्हणून ओरडतात.

लाइट टाकणाऱ्याच्या मागे लावू नका, बॅट्समनच्या डोळ्यांवर येतो. दोन्ही बाजूंना लावा. पावसाळ्यात गच्चीवर वायर ओढू नका. चार्जिंगचे एलईडी दिवे पुरतात.

आजीची खुर्ची

आता सगळ्यात महत्त्वाचं. बजेट कमी असेल तर बाकी सगळ्यात काटछाट करा, इथे करू नका.

६ मीटरवरून सरळ मारलेला टेनिस बॉल ताशी ६० ने आला तर टाकणाऱ्यापर्यंत पोचायला ०.३६ सेकंद लागतात. बॉल हातातून सुटलाय, हात अजून पुढे आहे, तोंड वाचवायला वेळ कुठे? म्हणून टाकणाऱ्यापुढे जाळीची चौकट हवीच. आमची चौकट सहा फूट उंच, चार फूट रुंद, पाइपची. जाळी बारीक, अडीच सेंटिमीटरची. उजव्या बाजूला वरचा कोपरा रिकामा, तिथून फक्त हात बाहेर येतो. आई त्यामागे खुर्ची टाकून बसते. खुर्चीला हात नाहीत, नाहीतर कोपर आपटतं. चौकटीच्या मागे बसलं तरी वर चष्मा असतोच, प्लास्टिकचा, लॅबमध्ये घालतात तसला.

"मी वाकणार नाही" ही अट कशी भागवली? बॉल तीस ठेवले. ते उंच स्टुलावरच्या टोपलीत, आईच्या डाव्या हाताला. तीस संपले की थांबायचं आणि ज्याने बॅटिंग केली त्याने बॉल गोळा करून टोपली भरायची. पुतणीला ते कंटाळवाणं वाटत होतं. मग तिला स्वतःच कळलं की बॉल सरळ आणि हलके मारले तर ते एकाच ठिकाणी, चौकटीच्या पायाशी, जमा होतात. आडवेतिडवे मारले की चारही कोपऱ्यांत शोधत फिरायचं. सरळ खेळायला शिकवणारा याहून चांगला कोच मी बघितलेला नाही.

तीस बॉलमध्ये काय करायचं?

नुसते बॉल मारत सुटलं तर तो टाइमपास. आम्ही एका दिवसाला साठ बॉल ठरवले, पंधरा-पंधराचे चार भाग.

पहिले पंधरा फक्त डिफेन्स. समोर दोन मीटरवर खडूची रेघ. बॉल बॅटला लागून त्या रेघेपलीकडे जाता कामा नये. हात सैल असेल तरच जमतं.

दुसऱ्या पंधरात दोन रंगांचे बॉल, हिरवे आणि लाल. आजी टोपलीतून न बघता उचलते. हिरवा खेळायचा, लाल सोडायचा. मन आधीच ठरवून बसलं असेल तर इथे लगेच पकडलं जातं.

तिसऱ्या पंधरात सरळ ड्राइव्ह, चौकटीच्या मध्यावर. चौथ्या पंधरात जो शॉट कोचने त्या आठवड्यात सांगितला असेल तो. कोच एक सांगतोय आणि आपण घरी भलतंच घोटवून घेतोय, असं होऊ देऊ नका.

गोळा करायचा वेळ धरून सगळं अर्ध्या तासात उरकतं. आठवड्याला पाच दिवस, म्हणजे तीनशे बॉल. कोचिंगला आठवड्याचे तीस-चाळीस. हा फरक बघूनच मी हे सगळं करायला धजावलो.

ॲप करायचा मोह मलाही झाला. केलं नाही. मोबाइल आत आला की आजी रेसिपी बघणार आणि पुतणी स्लो मोशन. टाकीच्या भिंतीजवळ एक पाटी लटकवली आहे. किती खेळले, किती रेघेच्या आत राहिले, एवढंच खडूने लिहायचं.

मशीन का नाही?

खूप जण विचारतात. मशीन महाग, ठीक. पण मशीनमध्येही बॉल घालायला माणूस लागतोच. शिवाय मशीनला हात नाही. बॅट्समन निम्मा बॉल हातातून सुटतानाच वाचतो. मोठमोठ्या फलंदाजांनाही माणूसच लागतो. भारतीय संघाबरोबर कित्येक वर्षं रघू, म्हणजे डी. राघवेंद्र, हेच काम करतोय. हातातल्या साइडआर्मने विराट-रोहितला हजारो बॉल टाकलेत त्याने. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्डाने या कामासाठी माणूस ठेवलाय, मग आपण का लाजायचं? साइडआर्म मात्र गच्चीवर आणू नका. त्याचा वेग छोट्या जागेसाठी नाही.

बॅटिंग करून पळणारे

महिनाभरात बिल्डिंगमधली इतर पोरं यायला लागली. गच्ची सोसायटीची, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण एकट्या आजीचा खांदा किती जणांना पुरणार? दोन आठवड्यांत तिचा हात दुखायला लागला. तेव्हा तिनेच नियम काढला, चाळीतला जुनाच. जेवढे बॉल खेळाल तेवढे टाकायचे. बॅटिंग करून घरी पळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बॅटिंग नाही.

तुम्हाला आठवत असेल, प्रत्येक गल्लीत असा एक असतोच. आऊट झाला की "आई बोलावतेय" म्हणून गायब. आमच्या गच्चीवर तो प्रकार बंद झाला. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी मी ठरवलेली नव्हती. मैदानावर जी मुलं माझ्या पुतणीला लाँग ऑनला उभं करायची, तीच आता इथे तिला मोजून तीस बॉल टाकतात, कारण त्यांना स्वतःला तीस खेळायचे असतात. आणि टाकता टाकता त्यांना कळतं की ही पोरगी आऊट होत नाही. गेल्या महिन्यात मैदानावरच्या मॅचला ते तिला ओपनिंगला घेऊन गेले. आजीचा वाटा आता दिवसाला तीस बॉलांवर आला. रविवारी दादा आणि मी टाकतो. आमचा हात तिच्याइतका सरळ नाही, असं पुतणी तोंडावर सांगते.

ज्यांना गच्चीही नाही

त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय. जुन्या मोज्यात टेनिस बॉल घाला, गाठ मारा, दोरीने वरच्या कडीला लटकवा. बॉल गुडघ्याच्या उंचीवर हवा. बॅट सरळ आली तर बॉल सरळ पुढे जाऊन सरळ परत येतो. बॅट तिरकी लागली की तो गोल गोल फिरायला लागतो. बॉलच सांगतो काय चुकलं. आवाज नाही, शेजारी नाही, जाळं नाही. दोन पावलांच्या जागेत होतं.

आणि टाकायला माणूस असेल, पण जागा खोलीभरच असेल, तर मोज्यांचा गोळा किंवा स्पंजचा बॉल. टीव्हीवर चादर टाका आणि सचिनच्या काकूंना स्मरून सुरू करा.

किती दिवस?

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. इथे आसपास सगळीकडे तेच चाललंय. गच्ची किती दिवस आपली ते माहीत नाही. नंतर काही वर्षं भाड्याच्या घरात, कुठे ते अजून ठरलेलं नाही. मग नव्या टॉवरमध्ये पोडियम असेल, त्यावर कदाचित चकचकीत बॉक्स क्रिकेटही असेल, तासाचं भाडं लावून. म्हणून आमचं सगळं सुटं आहे. दोरीच्या गाठी सोडल्या, वाळू ओतली, जाळं गुंडाळलं की अख्खा सेटअप एका टेम्पोत बसतो, आणि खर्च चांगल्या इंग्लिश विलोच्या एका बॅटपेक्षा कमी आलाय.

पुतणीची निवड होईल का? चाचणीला शेकडो मुली येतील. त्यांतल्या काहींनी तिच्याहून जास्त बॉल खेळलेले असतील. मी तिला एवढंच सांगितलंय की तिथे जाऊन उभी राहशील तेव्हा बॉल बघायची सवय तुझ्या डोळ्यांना असेल. बाकी त्या दिवसावर.

तुम्ही घरी असं काही करायला निघाला असाल तर नेट, मॅट, बॅट यांच्या किमती बघण्याआधी एक काम करा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, रोज वीस मिनिटं बॉल कोण टाकणार? जो हो म्हणेल त्याची खुर्ची आधी लावा, त्याच्यापुढची जाळी आधी बांधा. त्याचा खांदा दुखला तर सुट्टी द्या. आणि पोरांना हे सांगायला विसरू नका की खेळलेल्या प्रत्येक बॉलमागे कुणीतरी तो टाकलेला असतो.

तुमच्याकडे बॉल कोण टाकायचं? आई, मामा, शेजारची ताई? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटू या. तोपर्यंत कोपर वर ठेवा, आणि बॅटिंग करून पळू नका.